हिऱ्याचा डोम की कागदाचा पडदा? स्पीकर बनवताना पैसा नेमका कुठे लागतो

नादवेडा

मंडळी, गेली बारा-तेरा वर्षं मी हौसेने स्पीकर बनवतोय, थोडे स्वतःसाठी, बरेचसे मित्रांसाठी. एवढ्या वर्षांत मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे "ट्वीटर कशाचा आहे?" (ट्वीटर म्हणजे वरचे, तीव्र सूर वाजवणारा छोटा भाग, बहुधा डोमच्या म्हणजे घुमटाच्या आकाराचा; खालचे सूर वाजवतो तो वूफर.) मग पडद्याचा धातू कुठला, पेटीचं लाकूड कुठलं, कपॅसिटर कुठल्या जातीचा. पेटी एवढीच रुंद का, क्रॉसओव्हर (वरचे सूर ट्वीटरला आणि खालचे वूफरला वाटून देणारं फिल्टरचं सर्किट) याच ठिकाणी का, हे विचारणारे आजवर दोघं-तिघंच भेटले असतील. यावर बरेच दिवस लिहायचं होतं, कारण याच वाटेने जाऊन मी हात पोळून घेतलेत.

पाच वर्षांपूर्वी एक जोडी बनवली. साडेसहा इंची वूफर, पडदा अ‍ॅल्युमिनियमचा. पेटी दुहेरी एमडीएफची, भिंत ३६ मिलिमीटर, एकट्याला उचलता येणार नाही इतकी जड. क्रॉसओव्हरमध्ये अंगठ्याएवढाले फिल्म कपॅसिटर. पहिले दोन दिवस मी भारावून गेलो होतो, प्रत्येक गोष्ट सुटी सुटी ऐकू येत होती. दुसऱ्या आठवड्यात घरचे आवाज कमी करायला सांगू लागले. मलाही तासाभराने दुसऱ्या खोलीत जावंसं वाटायचं. गाणारीचा तारषड्ज लागला की त्याला पत्र्याची कड असल्यासारखी वाटायची.

शेवटी मापनाचा मायक्रोफोन आणला, स्पीकर भिंतींपासून दूर, खोलीच्या मधोमध उंच स्टुलावर ठेवला आणि स्वीप, म्हणजे खालपासून वरपर्यंत चढत जाणारा सूर, वाजवून मोजला. ५ किलोहर्ट्झच्या आसपास १२ डेसिबलचा सुळका! धातूचा पडदा एका मर्यादेपर्यंत एकसंध हलतो, ती ओलांडली की घंटेसारखा वाजतो. माझा क्रॉसओव्हर २.५ किलोहर्ट्झला, उतार सप्तकाला १२ डेसिबल. म्हणजे ५ किलोहर्ट्झवर फिल्टरने १२ डेसिबल खाली ढकललं आणि पडद्याने तेवढंच परत वर आणलं. वूफर ट्वीटरच्या बरोबरीने, ट्वीटरच्या प्रांतात गात होता.

त्याहून वाईट गोष्ट पुढे कळली. वूफरची मोटर, म्हणजे चुंबक आणि व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारं तारेचं वेटोळं), थोडी विकृती निर्माण करतेच. १,६६७ हर्ट्झचा सूर वाजला की त्याची तिसरी हार्मोनिक, म्हणजे तिप्पट वारंवारितेचा सूर, पडते ५ किलोहर्ट्झवर. ती विकृती मोटरच्या आत तयार होते, फिल्टरच्या पलीकडे. त्यामुळे फिल्टरने सुळका सपाट केला तरी हार्मोनिक त्या सुळक्यावर चढून मोठी होऊनच बाहेर येते. १,६६७ हर्ट्झ हा माणसाच्या आवाजाचा आणि बहुतेक वाद्यांचा प्रांत. मला ऐकू येणारी पत्र्याची कड ती हीच होती.

पुढची जोडी कागदी पडद्याच्या वूफरची. त्याच्या मोटरमध्ये तांब्याची कडी आहे. ट्वीटर साधा कापडी डोमचा, पण एका उथळ प्लास्टिकच्या वेव्हगाइडमध्ये (ट्वीटरभोवतीचं बशीसारखं वळण) बसवलेला. पेटी १८ मिलिमीटर प्लायची, आत आडव्या पट्ट्या. सुट्या भागांचा खर्च पहिल्या जोडीच्या निम्म्याहून कमी, आणि क्रॉसओव्हरवर घालवलेला वेळ तिप्पट. ही जोडी आज माझ्या खोलीत आहे आणि घरातलं कुणी उठून जात नाही.

वेव्हगाइडबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण माझ्या मते सगळ्यांत मोठा फरक त्यानेच पडला. २.५ किलोहर्ट्झला ध्वनीची तरंगलांबी पावणेचौदा सेंटीमीटर. माझ्या वूफरचा हलणारा भाग साधारण तेरा सेंटीमीटरचा. तरंगलांबी पडद्याच्या मापाइतकी झाली की आवाज टॉर्चच्या झोतासारखा पुढे एकवटतो. त्याच ठिकाणी सूत्र हाती घेणारा ट्वीटर मात्र पंचवीस मिलिमीटरचा, तो आवाज चौफेर फेकतो. समोर बसून मोजलं तर रेघ सपाट दिसते. बाजूला ४५ अंशांवर जाऊन मोजा: २ किलोहर्ट्झपाशी खड्डा आणि ३-४ किलोहर्ट्झला फुगवटा. हा बाजूचा आवाज भिंतींवरून परतून शेवटी आपल्याच कानात येतो. वेव्हगाइड ट्वीटरचा झोत वूफरच्या झोताइतका अरुंद करतो, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे जाताना सांधा दिसत नाही. वर ट्वीटरला खालच्या भागात जोर मिळतो, त्यामुळे त्याला कमी राबावं लागतं आणि विकृतीही घटते. हे सगळं काम प्लास्टिकच्या एका वळणाने होतं. हिऱ्याचा डोम सपाट फळीवर बसवलात तर हा सांधा जसाच्या तसा राहतो, कारण तो डोमच्या मापामुळे येतो, तो कशाचा बनलाय त्यामुळे नाही.

तर माझं मत असं: महाग साहित्याने काही प्रश्न सुटतात, पण तुमच्या स्पीकरचा प्रश्न तोच आहे का हे आधी मोजून पाहावं. तुमचे अनुभव वाचायला आवडतील, उलटे असतील तर जास्तच.

सुतारपक्षी

उत्तम धागा. मी मुळात लाकूडकामातला, म्हणून पेटीबद्दलच बोलतो.

"जाड म्हणजे चांगली" ही समजूत बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकातच तपासून पाहिली होती. त्यांचा छोटा मॉनिटर (ध्वनी तपासून ऐकायचा स्पीकर), एलएस३/५ए, बाहेरच्या प्रसारणाच्या गाड्यांमध्ये वापरायला बनवलेला. पेटी जेमतेम पाच लिटरची, भिंती १२ मिलिमीटर बर्च प्लायच्या, आतून डॅम्पिंगचे थर. वूफरचा पडदा बेक्सट्रिन नावाच्या प्लास्टिकचा, वर लेप दिलेला. भिंत जाड आणि ताठ केली की तिचा कंप नाहीसा होत नाही, वरच्या वारंवारितेला सरकतो, आणि वर कान जास्त तीक्ष्ण असतो. भिंत पातळ ठेवून तिला चिकट, जड थर दिला की कंप खाली सरकतो आणि लवकर मरतो. हे त्यांनी मोजून आणि ऐकून ठरवलं. पन्नास वर्षं होत आली, लोक अजून ते स्पीकर शोधत फिरतात.

मी स्वतः असं करतो. पेटी चिकटवायच्या आधी बाजूची फळी दोन बोटांत वरच्या कडेला धरून लोंबती ठेवतो आणि बोटाच्या पेराने ठोकतो. नुसती प्लाय "टण्ण" करते आणि सूर रेंगाळतो. डांबरी शीट चिकटवून परत ठोकलं की "ठप". मग पेटी बांधून वूफर लावतो, ५० ते १,००० हर्ट्झचा सूर हळूहळू चढवत डॉक्टरी स्टेथोस्कोप भिंतीवर फिरवतो. जिथे आवाज उसळतो तिथे पेन्सिलीने फुली. आडवी पट्टी त्या फुलीवर जाते. पट्टी बरोबर मध्यावर कधीच लावू नका, फळीचे दोन सारखे तुकडे होतात आणि दोन्ही एकाच सुरात वाजतात. थोडी तिरकी, एका बाजूला सरकवून लावा.

नादवेडा, एका ठिकाणी मात्र तुमच्याशी असहमत. सबवूफरला ताठ, जाड पेटीच हवी. तिथे स्पीकर १०० हर्ट्झच्या वर जवळपास वाजतच नाही, त्यामुळे भिंतीचा कंप ३००-४०० हर्ट्झला ढकलला की त्याला छेडणारं काही उरत नाही. तिथे तुमची ३६ मिलिमीटर वाया गेली नसती.

नादवेडा

सबवूफरचं मान्य, ते माझ्या लिहिण्यात निसटलं. स्टेथोस्कोपची युक्ती फार आवडली. मी आजवर हाताचा तळवा ठेवून अंदाज घ्यायचो, त्यात २०० हर्ट्झच्या वरचं काही कळत नाही.

शुद्धस्वर

इथे थोडा विरोधी सूर लावतो. मी बेरिलियम डोमचे स्पीकर सलग वर्षभर ऐकलेत आणि त्यानंतर साध्या डोमकडे परतणं मला जड गेलं. हे केवळ मनाचे खेळ आहेत असं कुणी म्हटलं तर मला पटणार नाही, कारण त्यामागे भौतिकशास्त्र आहे. पडदा हलका हवा आणि ताठही हवा. बेरिलियमची घनता १.८५, अ‍ॅल्युमिनियमची २.७. ताठपणा अ‍ॅल्युमिनियमच्या चौपट. धातूतून ध्वनी किती वेगाने जातो त्यावरून पडदा कुठवर एकसंध हलेल ते ठरतं. बेरिलियममध्ये तो वेग सेकंदाला सुमारे साडेबारा हजार मीटर, अ‍ॅल्युमिनियममध्ये पाच हजार. हा फरक कुठल्याही चतुराईने भरून निघत नाही.

आणि हे आजचं नाही. यामाहाने एनएस-१०००एम १९७४ मध्ये आणला, त्यात मिडरेंजचा डोम ८८ मिलिमीटरचा, बेरिलियमचा. एवढा मोठा डोम अ‍ॅल्युमिनियमचा करून पाहा, त्याच्या कामाच्या पट्ट्यातच तो डगमगायला लागेल. तिथे साहित्य हेच इंजिनिअरिंग होतं.

नादवेडा

शुद्धस्वर, ८८ मिलिमीटरच्या डोमचा मुद्दा बिनतोड आहे. तिथे त्या माणसांना प्रश्न माहीत होता आणि तो सोडवू शकणारी वस्तू ती एकच होती. मला अशाच वापराबद्दल आदर आहे.

पण तुम्ही दिलेल्या आकड्यांची दुसरी बाजूही पाहा. ताठपणा भागिले घनता, त्याचं वर्गमूळ, हा तो वेग. अ‍ॅल्युमिनियमला येतो सुमारे ५,०५०. टायटॅनियमला? सुमारे ५,०७०. साध्या पोलादाला? तोही ५,०५०च्या आसपास. म्हणजे "टायटॅनियम ट्वीटर" असं ठळक अक्षरात छापतात तेव्हा या बाबतीत अ‍ॅल्युमिनियमपेक्षा पदरात काही जास्त पडत नाही. टायटॅनियम चिवट असतं, वारंवार वाकून तुटत नाही, म्हणून मोठ्या सभागृहांच्या हॉर्न ड्रायव्हरमध्ये ते शोभतं. तो गुण घरच्या ट्वीटरला लागतोच असं नाही.

आणि पंचवीस मिलिमीटरचा चांगला अ‍ॅल्युमिनियम डोम २५ ते ३० किलोहर्ट्झला डगमगतो. आपले कान २०ला संपतात, चाळिशीनंतर त्याच्याही बरेच अलीकडे. हिऱ्याचा डोम ७० किलोहर्ट्झपर्यंत एकसंध राहतो, तो पराक्रम खरा आहे, कार्बन असलेल्या वायूतून हिऱ्याचा तो पापुद्रा वाढवणं सोपं काम नाही. पण तुमचा वर्षभराचा आनंद त्या ७० किलोहर्ट्झमधून आला, की त्या स्पीकरचा क्रॉसओव्हर, पेटीची गोलाई, मोटर हे सगळंच नीट जमवलेलं होतं त्यातून आला? जी कंपनी बेरिलियम वापरते ती बहुतेक वेळा बाकीचं कामही जीव ओतून करते. दोन्ही वेगळं करून ऐकायला मिळत नाही, हीच खरी अडचण आहे.

शुद्धस्वर

वेगळं करून ऐकायला मिळत नाही, हे मान्य. कागदाचा तो वेग किती?

नादवेडा

दीड ते दोन हजारांच्या घरात. कागद लवकर डगमगतो, पण डगमगताना ऊर्जा स्वतःतच जिरवतो, घंटेसारखा वाजत बसत नाही. सुळक्याऐवजी छोट्या टेकड्या येतात आणि त्या फिल्टरला आवरता येतात. यामाहाचंच दुसरं उदाहरण: १९७८चा एनएस-१०. पडदा कागदाचा, तोही लगदा साच्यात दाबून केलेला नाही, सपाट कागद कापून, वळवून, कड चिकटवून केलेला. जगभरच्या स्टुडिओंमध्ये मिक्सिंगच्या टेबलावर तो बसला. पुढे मोजमापं झाली तेव्हा दिसलं की बंद पेटीचा तो छोटा स्पीकर सिग्नल थांबला की फार चटकन गप्प होतो. बेरिलियमचा मोठा डोम आणि चिकटवलेला कागद, चार वर्षांच्या अंतराने एकाच घरातून आले, याचं मला फार कौतुक वाटतं.

चुंबकसूची

मोटरबद्दल कुणीतरी बोलायला हवं म्हणून आलो.

जुने नामांकित वूफर अ‍ॅल्निको चुंबकाचे असत: अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट. १९७०च्या दशकाच्या शेवटी झैरमध्ये (आजचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक) यादवी पेटली, कोबाल्टचा पुरवठा आटला, भाव भडकले. अ‍ॅल्निको वापरणाऱ्या बहुतेक उत्पादकांना फेराइटकडे वळावं लागलं. फेराइट म्हणजे स्वस्त, ठिसूळ, काळी चकती. ऐकणाऱ्यांनी तक्रार केली की आवाज बिघडला, आणि तक्रार रास्त होती. पण का बिघडला? अ‍ॅल्निकोचा चुंबक मधल्या खांबात बसायचा आणि तो धातू असल्यामुळे वीज वाहू देतो. कॉइलमधला करंट चुंबकीय क्षेत्राला हलवू पाहतो तेव्हा धातूत उलटे प्रवाह उठतात आणि त्या हलण्याला थोपवतात. फेराइट वीज वाहू देत नाही. शिवाय चुंबक चकतीच्या आकाराचा झाल्यामुळे खाचेच्या (कॉइल जिथे हलते त्या फटीच्या) वर आणि खाली क्षेत्र असमान पसरू लागलं. कॉइल पुढे जाताना एक जोर, मागे येताना दुसरा.

जेबीएल या अमेरिकी स्पीकर कंपनीच्या लोकांनी यावर काय केलं ते बघण्यासारखं आहे. खांबाचा आकार बदलून क्षेत्र दोन्ही बाजूंना सममित केलं, आणि थोपवण्याचं काम करायला खांबाच्या तळाशी वाहक धातूची कडी बसवली. नाव दिलं सिमेट्रिकल फील्ड जॉमेट्री. फेराइट तेच, स्वस्तच, आणि विकृतीची तक्रार मिटली. महाग धातू हातातून गेला नसता तर तो नेमकं कोणतं काम करत होता हे शोधायची गरज कुणाला पडली असती?

नादवेडांच्या कागदी वूफरमधली तांब्याची कडी याच कुळातली. तांबं वीज चांगली वाहू देतं म्हणून तिथे तांबं, पण कडी कुठे बसवली यावर सगळं अवलंबून. खाचेजवळची कडी वरच्या वारंवारितांवर काम करते, तळाची खालच्या. चुकीच्या जागी दुप्पट तांबं घाला, मोजमापात काही हलणार नाही.

आणखी एक. पडद्याभोवतीची रबराची कड सगळे गृहीत धरतात. पडदा पुढे-मागे जातो तशी ती कड आवाजाचं क्षेत्रफळ थोडं थोडं बदलते. मोठा खर्ज चालू असताना त्यावर गाणारा आवाज मग किंचित थरथरतो. प्युरिफाय नावाच्या डॅनिश कंपनीने ही कड वेड्यावाकड्या चुण्यांची बनवली, दिसायला विचित्र, पण गणिताने काढलेली, म्हणजे क्षेत्रफळ स्थिर राहील. रबर तेच, घडी वेगळी.

सुतारपक्षी

"रबर तेच, घडी वेगळी" यावरून आठवलं. ट्वीटरच्या डोममागे कोंडलेला आवाज मारायला केईएफने २०२० मध्ये एलएस५० मेटात एक प्लास्टिकची चकती लावली. चकतीत चक्रव्यूहासारखे मार्ग, प्रत्येकाची लांबी वेगळी, आणि प्रत्येक मार्ग वेगळ्या वारंवारितेचा घास घेतो. जवळजवळ सगळा मागचा आवाज त्यातच जिरतो. त्याआधी १९९३च्या बी अँड डब्ल्यू नॉटिलसमध्ये हेच काम निमुळत्या होत जाणाऱ्या लांबलचक नळ्या करायच्या, गोगलगायीच्या शंखासारखी ती पेटी त्यातूनच आली. नळीची जागा चकतीने घेतली, म्हणून ते लहान स्पीकरमध्ये मावलं.

मंद्रसप्तक

धागा वाचतेय, बरंच नवीन कळतंय. माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. मला पहिली जोडी बनवायची आहे, खोली लहान आहे, आणि मला खर्ज आवडतो. महाग वूफर घेतला तर लहान पेटीतून खोल खर्ज मिळेल का?

जुनारेडिओ

मंद्रसप्तक, याचं उत्तर पैशांत नाही. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. हॉफमन यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो आणि आजवर कुणाच्या धातूला तो मोडता आलेला नाही.

पण त्या नियमाच्या आत राहून काय करता येतं ते एडगर व्हिलचर यांनी १९५४ मध्ये दाखवलं. तोवर खोल खर्ज म्हणजे कपाटाएवढी पेटी. पडदा जागेवर परत आणणारी स्प्रिंग वूफरचीच असायची, आणि जास्त ताणली की ती सरळ वागत नाही. व्हिलचरनी वूफरची कड मुद्दाम एकदम सैल केली आणि पेटी हवाबंद केली. आतली कोंडलेली हवाच स्प्रिंग झाली. हवेइतकी सरळ वागणारी स्प्रिंग कुठल्याही कारखान्यात बनत नाही, आणि तिला पैसे पडत नाहीत. त्यातून अ‍ॅकॉस्टिक रिसर्चचा एआर-१ हा स्पीकर आला, शेल्फवर मावेल एवढा. बदल्यात संवेदनशीलता, म्हणजे थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज, गेली, अँप्लिफायर ताकदीचा लागू लागला. नियम पाळला गेलाच.

नंतर १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉल यांनी हे सगळं गणितात बसवलं. आज कुठल्याही वूफरच्या कागदावर एफएस, क्यूटीएस, व्हीएएस हे, तो कुठल्या पेटीत कसा वाजेल ते सांगणारे आकडे छापलेले असतात, त्यांच्याच कामातून आलेले. त्या आधी पेटीचं माप अंदाजपंचे ठरायचं. तेव्हा महाग वूफर शोधण्याआधी तुमच्या खोलीला साजेल अशी पेटी ठरवा आणि त्या पेटीत ज्याचे आकडे बसतात तो वूफर घ्या.

मंद्रसप्तक

धन्यवाद! हवेची स्प्रिंग हे इतकं साधं कुणी सांगितलं नव्हतं.

पडद्याआड

मी बनवत नाही, फक्त ऐकते, पण शुद्धस्वर आणि नादवेडा यांच्यातल्या मुद्द्यावर एक अनुभव सांगायचा आहे.

टूल आणि ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच माणसांना तेच स्पीकर एकदा दिसत असताना आणि एकदा पडद्यामागे ठेवून ऐकवले. दिसत असताना रूप, आकार आणि नाव यांनी गुण बदलले. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे स्पीकरची खोलीतली जागा बदलल्यावर आवाजात होणारा फरक लोकांना पडद्यामागून ऐकू आला, स्पीकर दिसत असताना तोच फरक त्यांनी जवळजवळ नोंदवलाच नाही. डोळे उघडे असले की कान कामातून उठतात असं मी त्यातून समजले.

म्हणून भावाच्या दोन जोड्यांवर मी घरी हा प्रयोग केला. पातळ, विरळ विणीचं कापड दोरीवर टांगलं, त्यातून आवाज अडू नये म्हणून आधी कापड लावून आणि काढून मोजून घेतलं. सगळ्यांत जिकिरीचं काम आवाजाची पातळी सारखी करण्याचं. एक जोडी अर्धा डेसिबल मोठी असली तरी तीच "मोकळी, जिवंत" वाटते. माइक बसायच्या जागी ठेवून, पिंक नॉइज (सगळ्या सप्तकांत सारख्या जोराची खरखर) लावून, दोन्ही जुळवल्या. शिवाय दर फेरीला जोड्यांच्या जागा अदलाबदल केल्या, नाहीतर कोपऱ्याजवळच्या स्पीकरचा खर्ज फुगतो आणि आपण त्याचं श्रेय वूफरला देतो.

चौघांनी ऐकलं. कापड काढल्यावर भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. ज्याला तो वर्षभर "कोरडा" म्हणत होता त्यालाच त्याने सहा फेऱ्यांत पाच वेळा पसंती दिली होती. चौघांवरून जगाचा निष्कर्ष निघत नाही, पण त्या दिवसापासून आमच्या घरात नुसत्या धातूच्या नावावर कुणी भांडत नाही.

शुद्धस्वर

हे मनापासून आवडलं. मी स्वतः कधी पडद्याआडून ऐकलेलं नाही. ऐकायला तयार आहे, माझे स्पीकर घेऊन.

अंकगणित

एक शंका. आता डीएसपी आहे, म्हणजे सिग्नलवर गणिताने फिल्टर चालवणारी चिप. १९७६ मध्ये लिंक्विट्झ यांनी मांडलेला २४ डेसिबलचा क्रॉसओव्हर चिपमध्ये दोन मिनिटांत बसतो, सुळका दिसला की तिथेच तेवढी कपात करता येते. मग पडदा कशाचा, वेव्हगाइड कुठला, याला अर्थ उरतो का?

नादवेडा

डीएसपी मी वापरतो आणि त्याशिवाय आता करमत नाही. पण समोर आणि बाजूला जाणारा आवाज तो वेगवेगळा दुरुस्त करू शकत नाही, कारण ड्रायव्हरला (वूफर असो वा ट्वीटर) सिग्नल एकच जातो. बाजूचा फुगवटा दाबलात तर समोर खड्डा पडतो. तो आकारानेच सोडवावा लागतो. नाहीतर पेटीच्या बाजूंना आणि मागे जादा ड्रायव्हर लावून, त्यांना उशिराने आणि उलट्या फेजमध्ये वाजवून मागचा आवाज पुसावा लागतो. काही आधुनिक स्पीकर तसंच करतात, फार देखणं काम आहे ते.

खोलीच्या बाबतीत मात्र डीएसपी उपयोगी. लहान खोलीत साधारण २०० हर्ट्झच्या खाली भिंतीच राज्य करतात. तिथला एखादा घुमणारा सूर कपातीने ताब्यात येतो. खड्डे भरायला जाऊ नका, वूफर व्यर्थ राबतो.

मंद्रसप्तक

आणि कपॅसिटर? मला एकाने सांगितलं की खरा आवाज तिथेच आहे.

नादवेडा

जुने इलेक्ट्रोलिटिक असतील आणि वीस-पंचवीस वर्षं झाली असतील तर बदला. ते सुकतात, त्यांची धारिता (मायक्रोफॅरॅडचा आकडा) सरकते आणि त्याबरोबर क्रॉसओव्हरही सरकतो. नवीन घेताना साधे पॉलिप्रॉपिलीन घ्या आणि मीटरवर मोजून डाव्या-उजव्याची जोडी जुळवा. त्यापुढचा पैसा मी इंडक्टरच्या तांब्यात घालेन. लोखंडी गाभ्याचे छोटे इंडक्टर मोठ्या आवाजात संपृक्त होतात, आणि बारीक तारेचा रोध वूफरच्या खर्जाचा ताबा ढिला करतो. तिथे जाड तार महाग पडते आणि ती मोजताही येते. जोडायच्या केबलला २.५ चौरस मिलिमीटरची तार घ्या, पाच मीटरच्या जाण्यायेण्यात ०.०७ ओहम, विषय संपला.

चुंबकसूची

नादवेडा, तुमची ती पहिली अ‍ॅल्युमिनियमची जोडी अजून आहे का? टाकू नका. तुम्ही लिहिलंत की हार्मोनिक फिल्टरच्या पलीकडे तयार होते म्हणून फिल्टर हतबल असतो. ते पूर्ण खरं नाही. कॉइलचा इंडक्टन्स पडदा हलताना आणि करंट बदलताना डोलतो. त्यातून येणारी विकृती आधी करंटच्या रूपात येते, आणि तो करंट फिरायला वाट लागते. वूफरच्या वाटेत ५ किलोहर्ट्झलाच एक उंच भिंत उभी केलीत तर तो करंट वाहणारच नाही. ०.२२ मिलिहेन्रीचा इंडक्टर आणि ४.७ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर एकमेकांना समांतर जोडा, आणि ही जोडी वूफरच्या सिरीजमध्ये, शेवटी, ड्रायव्हरला लागून. अनुनाद सुमारे ४,९५० हर्ट्झला येतो. वूफरला आडवा, समांतर नॉच (त्या वारंवारितेचा करंट बाजूने वळवणारं सर्किट) लावलात तर उलटा परिणाम होईल, विकृत करंटला सोपी वाट मिळेल.

नादवेडा

जोडी माळ्यावर होती, काल काढली. दोन्ही भाग घरात पडलेलेच होते. पाठच्या स्क्रूंना गंज आलेला, वूफर बाहेर काढायलाच अर्धा तास गेला. आधी जुनं मोजमाप परत घेतलं, तोच माइक, तेच स्टूल, तीच पातळी. मग ट्रॅप, म्हणजे तुम्ही सांगितलेली ती इंडक्टर-कपॅसिटरची जोडी, डागला आणि पुन्हा स्वीप.

सुळका गेला, ते अपेक्षित होतं. पण १,६६७ हर्ट्झची तिसरी हार्मोनिक ९ डेसिबलने खाली आली. मी दोनदा जोडणी तपासली, ट्रॅप तारेने शॉर्ट करून परत मोजलं: हार्मोनिक लगेच वर. शॉर्ट काढला: खाली. पाच वर्षं मी या वूफरच्या धातूला दोष देत होतो.

उरलेली विकृती रबरी कडेतून आणि क्षेत्राच्या असमानतेतून येत असावी, त्याला ट्रॅप काही करू शकत नाही. बाजूचा फुगवटाही तसाच आहे, सपाट फळीवरचा ट्वीटर आहे ना. आता त्याच्या तोंडावर बसेल असा वेव्हगाइड घडवायला घेतलाय.

शुद्धस्वर, तुमचे बेरिलियम, माझे कागदी आणि हे माळ्यावरचे, तिन्ही कापडामागे ठेवू. पडद्याआड, तुम्ही कुठलं कापड वापरलंत ते सांगाल का, आणि पातळी जुळवायला तुम्हीच उभ्या राहिलात तर बरं होईल.

पडद्याआड

कापड घेऊन येते. एकच अट, जोड्यांची अदलाबदल मी करणार आणि तोवर तुम्ही दोघंही बाहेर थांबायचं.